गाडा सुटला आणि रोल संपला: फिल्म की डिजिटल? वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. पळणारी, उडी मारणारी, मातीत आपटणारी माणसं आणि जनावरं फोटोत पकडायची तर कॅमेरा फिल्मचा घ्यावा की डिजिटल. फिल्म परत आलीय हे खरंच आहे, २०२४ मध्ये पेंटॅक्सने चक्क नवा कोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, कॉलेजातली पोरं आजोबांचे कॅमेरे कपाटातून काढून सेल टाकून बघतायत, त्यामुळे प्रश्न पडणं साहजिक आहे. म्हणून आजचं सगळं सदर यालाच दिलंय. पत्रं मोठी होती, मुद्द्यापुरती छापतोय.

प्रश्न: सर, मी आंबेगाव तालुक्यातला. बैलगाडा शर्यतींचे फोटो काढायचेत. काकांचा निकॉन एफएम१० घरी आहे, ३५-७० लेन्ससकट, एकदम चालू. जवळ चाळीस हजार साठलेत. मित्र म्हणतो फिल्मवरच काढ, वेगळं दिसेल, डिजिटल काय सगळेच काढतात. काय करू?

भावा, चाळीस हजारांचा सेकंडहँड डिजिटल घे. एफएम१० पण ठेव, त्याचं काम पुढे सांगतो.

आधी साधा हिशोब कर. यात्रेच्या दिवशी समज शंभर बाऱ्या, म्हणजे गाड्यांच्या धावा, झाल्या आणि तू प्रत्येक बारीचे फक्त पाचच फोटो काढलेस, तरी पाचशे फ्रेम झाल्या, म्हणजे छत्तीसवाले चौदा रोल. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून एका रोलला आज हजाराच्या वर सहज जातात, म्हणजे एका यात्रेत चौदा हजार गेले आणि फोटो कसे आलेत ते कळणार आठवड्याने. ॲक्शन शिकायची म्हणजे चुकायचं, लगेच मागे बघायचं, फोकस कुठे गेला ते शोधायचं आणि पुढच्या बारीला सुधारायचं. फिल्मवर हे होतं, होत नाही असं नाही, पण एकेका चुकीचा अर्थ कळायला इतके दिवस लागतात की तोवर तू त्यावेळी कुठे उभा होतास आणि काय सेटिंग होतं हेच विसरलेला असतोस.

आता उजेडाचं. दुपारच्या कडक उन्हात फिल्म अजिबात कमी पडत नाही, हे तुझ्या मित्राचं बरोबर आहे. जुना नियम आहे, भर उन्हात एफ १६ (लेन्सचं छिद्र, आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) ठेवलं की शटर आयएसओच्या, म्हणजे फिल्म उजेडाला किती तरल त्याच्या, आकड्याएवढं ठेवायचं. २०० चा रोल असेल तर एफ १६ ला १/२००, तेच एफ ५.६ ला आलास की १/१६००. गाडा ताशी चाळीसने येतोय असं धरलं तर सेकंदाला अकरा मीटर होतात, १/१६०० मध्ये तो जेमतेम सात मिलिमीटर सरकतो, फोटो कडक येणार. एफएम१० चं शटर १/२००० पर्यंत जातं त्यामुळे कॅमेराही पुरतो. अडचण येते पाच-साडेपाचनंतर, ऊन उतरलं की उजेड दोन-तीन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) पडतो आणि फायनलच्या बाऱ्या नेमक्या तेव्हा असतात, मग १/१६०० चे १/२०० होतात आणि रोल मध्येच बदलून आयएसओ वाढवता येत नाही. डिजिटलमध्ये चाकावर बोट फिरवलं की झालं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट लेन्सची. ३५-७० ने गाडा मोठा दिसायला तुला घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या पट्ट्याच्या, आत उभं राहावं लागेल आणि ते तू करायचं नाहीस, हे मी अगदी मनापासून सांगतोय. बिथरलेली जोडी बाजूला फुटली तर कॅमेऱ्यातून बघणाऱ्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. अडथळ्याच्या मागे, घाटाच्या वरच्या टोकाला, गाडा तुझ्याकडे चढत येतोय अशी जागा बघ आणि लांबची लेन्स लाव. तुझ्या बजेटात जुनी निकॉन डी७२०० आणि एएफ-एस ७०-३०० अशी जोडी भाव करून बसते. डी७२०० सेकंदाला सहा फोटो काढते, म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये गाडा जवळजवळ दोन मीटर पुढे येतो, म्हणून नुसतं बटण दाबून धरून चालणार नाही, चारही पाय हवेत असण्याचा क्षण तुलाच हेरायचाय. शटर १/१६०० च्या खाली जाऊ देऊ नकोस, फोकस कंटिन्युअसवर (हलत्या गोष्टीमागे सतत जाणारा) ठेव आणि फोकसचे सगळे पॉइंट कॅमेऱ्यावर सोडून देऊ नकोस, कारण तुमच्याकडे पुढे घोडी असते आणि कॅमेरा सगळ्यात जवळचं म्हणून तिलाच धरतो, मागचे बैल मऊ येतात. मधला एक गट निवड आणि बैलांच्या कपाळावर ठेव. लेन्स घाटात बदलू नकोस, धूळ आणि भंडारा दोन्ही सेन्सरवर बसतात, आणि भंडारा बारीक असतो, फुंकर मारून निघत नाही.

एफएम१० चं काम काय, तर बारीच्या आधीचं आणि नंतरचं सगळं. बैलांना आंघोळ, शिंगांना रंग, मालकाची घालमेल, निशाण पडायच्या आधीची शांतता, जिंकल्यावर भंडाऱ्यात पिवळी झालेली माणसं. इथे घाई नाही, ३५-७० यालाच बरोबर आहे आणि एक रोल दिवसभर पुरतो. मी तर म्हणतो हे फोटो तुझ्या शर्यतीच्या फोटोंपेक्षा जास्त वर्षं टिकतील. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी आली आणि मे २०२३ मध्ये कायद्यावर शिक्कामोर्तब झालं, मधली सात वर्षं उघडपणे घाट भरलाच नाही, त्यामुळे गावोगावी फोटोंच्या आल्बममध्ये तेवढी पानं कोरी आहेत. आता जे भरतंय ते नीट काढून ठेवणं गरजेचं आहे, आणि मालकांना फोटो द्यायला विसरू नकोस, त्यांना त्या फोटोचं काय मोल असतं ते घरात शिरल्यावर भिंतीवर दिसतं.

प्रश्न: मी सिंधुदुर्गातून लिहितेय. भाचा गावच्या संघातून कबड्डी खेळतो, सामने रात्री लाइटखाली असतात. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. फोटो हललेले येतात आणि एकामागोमाग काढलेल्या फोटोंचा रंग वेगवेगळा, कधी अर्धा फोटो पिवळट आणि अर्धा काळपट. इथले एक फोटोग्राफर म्हणाले की फिल्मवर हे होत नव्हतं. खरं का?

ताई, हललेल्या फोटोचं कारण वेगळं आहे आणि रंगाचं वेगळं, आणि दोन्हींत फिल्म तुम्हाला मदत करणार नाही.

रंगाचं आधी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मैदानावरचे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतात, त्याबरोबर त्यांचा रंगही बदलतो, डोळ्याला कळत नाही. तुम्ही १/१००० ला फोटो काढता तेव्हा त्या चढउताराचा एक बारीक तुकडा मिळतो, कधी उजेडाचा, कधी अंधाराचा. त्यात शटरचा पडदा फ्रेमवरून फिरायलाही वेळ घेतो, मग एकाच फोटोत वर उजेड आणि खाली अंधार असा पट्टा येतो. फिल्म कॅमेऱ्यालाही तोच पडदा आणि तेच दिवे, त्यामुळे तिथेही हेच होतं. पूर्वी लोक रात्रीच्या सामन्याला १/१२५ किंवा फ्लॅश वापरायचे म्हणून ते दिसायचं नाही एवढंच. उलट डिजिटलमध्ये यावर उपाय निघालाय, कॅननच्या ७डी मार्क टू आणि ८०डी मध्ये, निकॉनच्या डी५०० मध्ये अँटी-फ्लिकर म्हणून सोय आहे, कॅमेरा दिव्याचा उजेड भरात असेल तेव्हाच शटर सोडतो. तुमच्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) ती नसेल तर रॉ मध्ये, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येणाऱ्या मूळ फाइलमध्ये, काढा, दोन-चार जास्त काढा, त्यातले चांगल्या उजेडात सापडलेले ठेवा.

आता हललेले. बऱ्यापैकी उजेड असलेल्या मैदानावर साधारण असं बसतं की एफ २.८ आणि आयएसओ ३२०० ला १/१००० मिळतं. तुमची १८-५५ झूम केली की एफ ५.६ होते, म्हणजे दोन स्टॉप गेले आणि १/२५० वर आलात, कबड्डीला ते पुरत नाही, पाय तर नक्की हलतो. हाच उजेड आणि ४०० ची फिल्म असती तर एफ २.८ ला सुद्धा १/१२५ मिळालं असतं. ती १६०० ला ताणून धुतली तर १/५००, आणि दाणा एवढा येतो की चेहऱ्यावरचा घाम आणि माती वेगळी ओळखू येत नाही. कोडॅकची टी-मॅक्स पी३२०० आणि इलफर्डची डेल्टा ३२०० या फिल्म आहेत, पण त्या काळ्या-पांढऱ्या, आणि भाच्याची जर्सी कुठल्या संघाची ते कसं कळणार?

तेव्हा कॅमेरा बदलू नका, ५० एमएम एफ १.८ घ्या, ही प्रत्येक कंपनीची सगळ्यात स्वस्त लेन्स असते. एफ २ वर ठेवा, आयएसओ ३२००, त्याच उजेडात शटर १/२००० च्या आसपास मिळेल. आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो ही भीती सोडून द्या, दाणेदार फोटो बघता येतो, हललेला बघवत नाही.

आणि बसायची जागा बदला, माझ्या मते लेन्सपेक्षा याने जास्त फरक पडेल. मैदान पुरुषांचं असेल तर १३ बाय १०, एका बाजूचं अंगण साडेसहा मीटर, आणि बोनसची रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर. म्हणजे चढाई करणारा बोनसला आला की मागच्या रेषेपासून जेमतेम पावणेदोन मीटरवर असतो आणि तोंड तुमच्याकडे. म्हणून भाचा चढाईला जाणार असेल तर समोरच्या संघाच्या अंतिम रेषेच्या मागे, कोपऱ्याकडे बसा, मागे सरकून, कारण पकड झाली की सगळा ढीग तिकडेच येऊ शकतो. बोनस घेतानाचा पाय आणि चेहरा दोन्ही मिळतील. पण पकडीचा फोटो हवा असेल तर उलट्या बाजूला जा, कारण पकडलेला खेळाडू मध्यरेषेकडे झेपावतो, हात पुढे, मागे तिघे-चौघे लटकलेले, तो चेहरा फक्त त्या बाजूने दिसतो. दोन्ही एका वेळी मिळत नाही, पण हाफनंतर संघ अंगणं बदलतात, म्हणून त्याच जागी बसून राहिलात की एका हाफला हे आणि दुसऱ्याला ते मिळेल. आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला कॅमेरा डोळ्यावरून काढू नका, करो या मरो असतं, काहीतरी होणारच.

प्रश्न: नमस्कार. मी कोल्हापूर भागात बरीच वर्षं वर्तमानपत्रांसाठी कुस्त्यांचे फोटो काढले, सगळे फिल्मवर, निकॉनवर. आता निवृत्त आहे. आजची मुलं मशिनगनसारखे फोटो काढतात आणि म्हणतात काका तुम्ही पण डिजिटल घ्या. मला त्यात कौशल्य दिसत नाही. घ्यावा का? आणि निगेटिव्हचे डबे पडलेत, त्यांचं काय करू?

काका, पत्र वाचून फार आनंद झाला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे मला धावत यायचंय पण पहिल्याचं आधी सांगतो.

मशिनगनबद्दल तुमचं म्हणणं आकड्यात मांडून बघितलं तर बरंचसं बरोबर निघतं. सेकंदाला दहा फोटो, प्रत्येक १/१००० चा, म्हणजे त्या अख्ख्या सेकंदात शटर उघडं असतं ते सगळं मिळून सेकंदाचा शंभरावा भाग. बाकीचे नव्व्याण्णव भाग निसटलेच. ढाक डाव लागून पैलवान हवेत उलटा झालेला क्षण त्या दोन फोटोंच्या मध्ये पडला तर मशिनगन असून काही उपयोग नाही. शिवाय हा वेग डिजिटलने आणलेला पण नाही, कॅननचा ईओएस-१व्ही हा फिल्मचाच कॅमेरा २००० साली बूस्टर लावून सेकंदाला दहा काढायचा, छत्तीसचा रोल चार सेकंदांच्या आत खलास. आणि जगातल्या सगळ्यात गाजलेल्या खेळाच्या फोटोंपैकी एक बघा, २५ मे १९६५, अमेरिकेत लुइस्टन गावी मुक्केबाज मुहम्मद अली खाली पडलेल्या लिस्टनवर ओरडतोय. नील लायफरने तो रोलीफ्लेक्सवर रंगीत फिल्मवर काढला, वर टांगलेले मोठे फ्लॅश परत चार्ज व्हायला वेळ लागायचा, त्यामुळे त्या क्षणाला त्याच्याकडे एकच फोटो होता. रिंगच्या दुसऱ्या बाजूचा फोटोग्राफर अलीच्या पायांमधून दिसतो, त्याला अलीची पाठ मिळाली. जागा आणि वेळ.

तरी मी तुम्हाला डिजिटल घ्याच म्हणेन. कारण समोरचा पट काढणार की कलाजंग लावणार हे तुम्हाला त्याच्या खांद्यावरून आणि पायाच्या ठेवणीवरून आधीच कळतं, ते त्या मुलांना अजून कळत नाही, आणि ते ज्ञान कॅमेऱ्यात नसून तुमच्याकडे आहे, ते डिजिटलमध्ये जसंच्या तसं चालतं. सिंगल शॉटवर ठेवा, तुमच्या सवयीने एकेक दाबा. फायदा एवढाच की संध्याकाळी खासबागेत शेवटच्या मोठ्या कुस्तीला उजेड गेलेला असतो तेव्हा तुम्हाला थांबावं लागणार नाही, आणि पैलवान मैदानातून बाहेर पडायच्या आत त्याला फोटो दाखवता येईल.

तुमच्या जुन्या लेन्स विकू नका. १९७७ नंतरच्या एआय लेन्स निकॉनच्या डी७०००, ७१००, ७२०० वर, डी७५० वर नीट बसतात आणि उजेड मोजणारा मीटरही चालतो. डी३००० आणि ५००० च्या मालिकेवर मात्र मीटर चालत नाही, डी७५०० वर पण नाही, दुकानदार सांगेलच असं नाही म्हणून लक्षात ठेवा. तुमच्याकडे १३५ असेल तर डी७२०० वर ती दोनशेसारखी दिसते, आखाड्याच्या कडेवरून अगदी बरोबर. फोकस हाताने करायचा, जो तुमचा हात आजही करत असणार.

आता डबे. काका, हे काम आधी करा, कॅमेरा मागाहून घ्या. पहिलं म्हणजे डबे उघडून वास घ्या, व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती फिल्म आतून खराब व्हायला लागलीय, ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी काढा आणि तिचंच स्कॅनिंग सगळ्यात आधी करा. पीव्हीसीच्या चिकट होणाऱ्या पिशव्यांमध्ये असतील तर पॉलिप्रॉपिलिनच्या स्लीव्हमध्ये हलवा. पावसाळ्यात कोल्हापूरची दमट हवा म्हणजे बुरशीला आमंत्रण, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि ते गुलाबी झालं की गरम करून परत निळं करा. स्कॅनरसाठी थांबू नका, डिजिटल बॉडी, मॅक्रो लेन्स आणि खाली एकसारख्या उजेडाचं एलईडी पॅनेल असलं की घरीच एकेक निगेटिव्ह फोटो काढून उतरवता येते.

पण त्याहून तातडीचं एक काम आहे ज्याला कुठलंच यंत्र लागत नाही. प्रत्येक पट्टीवर लिहा, पैलवान कोण, तालीम कुठली, वस्ताद कोण, मैदान कुठलं, साल कुठलं, निकाल काय लागला. आठवत नसेल तर जुन्या मल्लांना बोलावून प्रिंट दाखवा. निगेटिव्ह पन्नास वर्षं टिकेल, पण त्यातला लंगोट लावलेला मुलगा कोण हे सांगणारा माणूस टिकेलच असं नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला देशाला कुस्तीचं पदक मिळवून दिलं तो हा भाग, इथल्या मातीतल्या शेकडो कुस्त्यांची नोंद फक्त तुमच्यासारख्यांच्या डब्यांमध्ये आहे आणि ती जपायचं काम फार मोठं आहे.

प्रश्न: दादा, मी अकरावीत आहे, पुण्यात. आमच्या व्यायामशाळेत मल्लखांब चालतो. मला ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरच करायचंय, डिजिटल घे म्हणू नका प्लीज!

नाही म्हणत. कर तू, मल्लखांब हा फिल्मला अगदी साजेसा खेळ आहे, कारण यात थांबा असतो. पकड घेऊन शरीर आडवं धरलं की एक-दोन सेकंद तरी स्थिर असतं, तिथे १/१२५ पण पुरतं. आणि उडीचं एक गणित लक्षात ठेव, वर गेलेलं शरीर सगळ्यात उंच जागी पोचतं तेव्हा त्याचा वेग शून्य होतो. त्या शिखराच्या एक दशांश सेकंद आधी आणि एक दशांश नंतर, दोन्ही मिळून पाव सेकंदाच्या जरा आतच, शरीर फक्त पाच सेंटिमीटर वर-खाली होतं. म्हणजे उडी वर पोचतानाच दाबलंस तर १/२५० ला सुद्धा फोटो स्वच्छ येतो. हातपाय फिरत असतील तर तेवढे हलतील, ते हलू देत, छान दिसतं.

इलफर्ड एचपी५ किंवा कोडॅक ट्राय-एक्स, दोन्ही ४०० च्या. शेडखाली किंवा सकाळी लवकर काढणार असशील तर अख्खा रोल १६०० ला धरून काढ आणि धुणाऱ्याला तसं स्पष्ट सांग, अर्धा ४०० ला आणि अर्धा १६०० ला असं चालत नाही, कारण धुलाई पूर्ण रोलची एकत्रच होते. घरी धुणार असशील तर डेव्हलपर २० अंशांवर लागतं आणि एप्रिल-मे मध्ये पुण्यात नळाचं पाणीच तिसाला टेकलेलं असतं, तेव्हा बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून थर्मामीटरने बघत बघत आण, अंदाजाने नको. आणि एक कर, रोल भरायच्या आधी दोन-तीन दिवस नुसता रिकामा कॅमेरा घेऊन जा, फोकस लाव, क्लिक कर, पुढे ओढ. बोटाला खेळणाऱ्यांची लय कळू दे. पार्श्वभूमी पण तेव्हाच बघून ठेव, मल्लखांबाच्या मागे पांढरी ट्यूबलाइट किंवा वाळत घातलेले कपडे असले की फोटो गेला, काळ्या-पांढऱ्यात तर सगळं एकमेकांत मिसळतं. खाली बसून वर आकाश घे.

प्रश्न: दुबईहून गणपतीला येतेय, मिरवणुकीतलं ढोलपथक फिल्मवर काढायचंय. विमानतळावर रोल खराब होतात का?

होऊ शकतात. केबिन बॅगेसाठी आता बऱ्याच ठिकाणी नवीन सीटी स्कॅनर आलेत आणि त्यांनी एका फेरीतही फिल्मवर धुकं येऊ शकतं. चेक-इन बॅगेत तर कधीच टाकू नका. रोल पारदर्शक पिशवीत हातात ठेवा, हाताने तपासा म्हणून विनंती करा. सोपा मार्ग म्हणजे रोल इथेच घ्या आणि परत जायच्या आधी इथेच धुऊन घ्या. मिरवणूक रात्रीवर गेली तर ४०० ची फिल्म आणि हलणारे हात, फोटो हलणारच, तेव्हा १/१५ किंवा १/३० ठेवून फ्लॅश मारा, चेहरा थांबतो आणि टिपरू फिरलेलं दिसतं.

प्रश्न: नव्या मिररलेसवर सायलेंट मोडला क्रिकेटचे फोटो काढले, बॅट वाकडी येते! कॅमेरा खराब आहे का? मुलगा म्हणतो फिल्मच बरी होती.

कॅमेरा ठीक आहे. सायलेंट मोडमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्या वेळात बॅट पुढे गेलेली असते. मेकॅनिकल शटर लावा, जवळपास सगळं जाईल. सगळा सेन्सर एकदम वाचणारे कॅमेरे आलेत, सोनीचा ए९ थ्री तसा आहे, पण त्याची किंमत बघता घरच्या क्रिकेटसाठी मी सुचवणार नाही. आणि मुलाला सांगा, फिल्मवरही हे व्हायचं, पडद्याच्या शटरची फटच फ्रेमवरून सरकते ना. १९१० च्या दशकात फ्रान्समध्ये लार्तीग नावाच्या फोटोग्राफरने काढलेला रेसच्या गाडीचा फोटो शोधून बघा, चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि मागची माणसं उलट्या बाजूला कललीत, वेग दिसतो तो त्याच दोषामुळे.

प्रश्न: सेकंडहँड बॉडी घेताना काय बघायचं?

डिजिटल असेल तर शटर किती वेळा उडालंय तो आकडा आधी मागा, लग्नाच्या फोटोग्राफरकडची असेल तर तो मोठा असणार, मग भाव त्या मानाने पाडून मागा. एफ १६ ला कोऱ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरचे डाग आणि बुरशी दिसते. फोकस कंटिन्युअसवर ठेवून दुकानाबाहेर येणाऱ्या स्कूटरचे दहा फोटो काढा, निम्मे तरी कडक आले पाहिजेत. फिल्म कॅमेरा असेल तर मागचं झाकण उघडून उजेडाकडे धरा आणि सगळ्या स्पीडला शटर उडवा, १/१००० ला सुद्धा फटीतून उजेड दिसला पाहिजे, नुसता आवाज येऊन उपयोग नाही. झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट झाला असेल तर तो बदलायला लागेल, नाहीतर प्रत्येक फ्रेमवर नारिंगी पट्टा येतो. लेन्स टॉर्च लावून आरपार बघा, कोकणातून आलेली असेल तर दोनदा बघा.